ॲम्प्लिफायरवरचे वॅट आणि स्पीकरची कॉइल

फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या उत्सवांत आणि जत्रांत होणाऱ्या संगीत नाटकांची ध्वनिव्यवस्था मी पाहतो, आणि हंगामाच्या तोंडावर एखादे तरी मंडळ नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी विचारते, ‘किती वॅटचा घ्यावा?’ याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. किती ओहमच्या भारावर (म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधावर), किती विकृतीपर्यंत (म्हणजे आवाज किती बिघडेपर्यंत) आणि किती वेळ टिकणारी ही शक्ती आहे, हे कळल्याशिवाय वॅटच्या आकड्याला अर्थ नसतो.

खोक्यावर ठळक अक्षरांत १६०० वॅट लिहिलेला दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर घ्या. माहितीपत्रक नीट वाचले तर बहुधा असे दिसते की ही दोन्ही चॅनेलची बेरीज आहे, आणि तीही ४ ओहमवरची. म्हणजे एका चॅनेलला ८०० वॅट. ४ ओहमवर ८०० वॅट द्यायला सुमारे ५६.६ व्होल्ट लागतात, आणि तेवढेच व्होल्ट ८ ओहमच्या स्पीकरला दिले की ४०० वॅट होतात. मंडपाच्या प्रत्येक बाजूला ८ ओहमचा एकच बॉक्स असेल, तर तुमच्या हाती येतात ते हे ४००. दोन बॉक्स समांतर जोडले तर भार ४ ओहम होतो खरा, पण ते ८०० वॅट दोघांत वाटले जातात. विकृती १० टक्क्यांपर्यंत चालवून घेतली की हाच आकडा आणखी फुगतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती ॲम्प्लिफायरसाठी नियम केला तो याच गोंधळामुळे: सलग शक्ती सांगायची, आणि तिच्यासोबत भार, कंप्रतेचा पट्टा व विकृतीही सांगायची. ‘पीएमपीओ’ नावाच्या आकड्यामागे तर कोणतेही प्रमाण नाही. तो वाचूच नये.

स्पीकरवर बहुतेक वेळा तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४००, ८०० आणि १६००. पहिला सलग सोसण्याचा, दुसरा संगीताच्या चढउताराचा, तिसरा क्षणिक शिखराचा. खरी मोजणी पहिल्याचीच होते. बाकीचे दोन त्याची दुप्पट आणि चौपट असतात. शिवाय ४०० वॅटच्या बॉक्समधला हॉर्नचा, म्हणजे उंच सुरांचा, ड्रायव्हर एकटा ४०० वॅट सोसत नाही. त्याची स्वतःची क्षमता पुष्कळदा शंभराच्याही आत असते, आणि संगीतात उंच सुरांची ऊर्जा मुळात कमी असते म्हणूनच तो टिकतो.

लहान ॲम्प्लिफायर लावला की स्पीकर सुरक्षित राहतो, ही समजूत इथेच फसते. तबल्याची थाप किंवा गायकाची चढती तान ॲम्प्लिफायरच्या मर्यादेबाहेर गेली की लहरींचे माथे छाटले जातात. पूर्ण छाटलेली चौकोनी लहर तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते, म्हणजे २०० वॅटचा ॲम्प्लिफायरही ४०० च्या जवळ जाऊ शकतो. छाटण्यातून निर्माण झालेले वरचे सूर थेट हॉर्नकडे जातात, आणि एरवी थापांच्या मधल्या क्षणांत कॉइलला, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, मिळणारी उसंतही मिळत नाही. छाटलेल्या लहरीत डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) येतो आणि त्याने स्पीकर जळतो, असे कारागीरही सांगतात. ते बरोबर नाही. कॉइल जळते ती सरासरी उष्णतेने. रंगमंचावर टांगलेल्या माइकची शिट्टी तर त्याहून वाईट, कारण सगळी शक्ती एकाच उंच सुरावर, न थांबता, हॉर्नवर पडते.

निकामी झालेला स्पीकर उघडून पाहिला की कारण बरेचदा दिसते. उष्णतेने गेलेल्या कॉइलची तार काळवंडलेली असते, तिच्यावरचे लाखेचे आवरण पापुद्रे धरते, डिंक वितळून वेढे सरकलेले असतात आणि जळका वास कितीतरी दिवस जात नाही. तार लखलखीत असून कोनाची, म्हणजे स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याची, कड फाटली असेल किंवा कॉइलची खालची बाजू चेपलेली असेल, तर दोष उष्णतेचा नसून अतिरेकी हालचालीचा असतो. छिद्र असलेल्या बॉक्समध्ये त्या छिद्राच्या सुरापेक्षा खालच्या कंप्रतेवर हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. लाकडी फळ्यांवर पात्रांची पावले पडताना नेमके हेच होते. म्हणून मी संवादांच्या माइकवर १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे सूर अडवणारी गाळणी) ठेवतोच.

माझा सल्ला असा की सलग क्षमतेच्या दीडपट ते दुप्पट शक्तीचा ॲम्प्लिफायर घ्यावा, पण लिमिटरसह (ठरवलेल्या मर्यादेवर आवाज रोखणाऱ्या उपकरणासह), आणि मिक्सर जाणत्या हातात असेल तरच. ८ ओहम, ४०० वॅटच्या बॉक्सला मी सरासरीवर चालणारा लिमिटर ४० व्होल्टच्या आसपास लावतो, म्हणजे दीर्घकाळ २०० वॅटच पोहोचतात आणि क्षणिक थापांना वर मोकळी जागा राहते. एवढ्याने मागच्या रांगेला ऐकू येत नसेल, तर मोठा ॲम्प्लिफायर हा उपाय नव्हे. शक्ती दुप्पट केल्याने ३ डेसिबल वाढतात. उघड्या प्रांगणात अंतर दुप्पट झाले की ६ घटतात. त्यापेक्षा मध्यावर दोन लहान स्पीकर लावून त्यांना दर मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा. संवादातला शब्द न् शब्द कळतो.

जत्रेत विजेकडेही लक्ष ठेवावे लागते. लांब तारेमुळे २३० चे २०७ व्होल्ट झाले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची शक्ती जवळजवळ १९ टक्क्यांनी घटते आणि नेहमीच्याच आवाजावर क्लिपचा, म्हणजे माथे छाटले जात असल्याचा, लाल दिवा लागतो. तो दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालते. लागून राहिला तर आवाज तत्काळ खाली आणावा. चालू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. जनरेटर मध्येच बंद पडला तर अंधारातच ॲम्प्लिफायरचे स्विच बंद करून ठेवावेत आणि मिक्सर पूर्ण सुरू झाल्यावरच ते पुन्हा चालू करावेत, म्हणजे वीज परत येतानाचा दणका वूफरपर्यंत पोहोचत नाही.