कडक भाकरीचे तिखट तुकडे: पार्टीसाठी घरी करताना

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पार्टीला एक खाऊ हमखास असतो. चौकोनी खारट क्रॅकर बिस्किटं तेल, लाल मिरचीचे कुटलेले तुकडे आणि मसाला यांत मुरवायची आणि मंद आचेवर पुन्हा भाजायची. हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा वाटलं, यासाठी बिस्किटाचा पुडा कशाला फोडायचा? सोलापुरात त्याहून चांगला माल आधीच आहे: कडक भाकरी. पातळ, खुसखुशीत, महिनाभर टिकणारी आणि तिखट तेल पिऊनही न मोडणारी. तेव्हापासून मी कडक भाकरीचेच तुकडे करतो. त्यात काय जमलं आणि काय फसलं, ते इथे लिहितोय.

बाजारातली तयार कडक भाकरी वापरली तर अर्धं काम वाचतं, पण एक अडचण उरते. ती हाताने मोडावी लागते, तुकडे वेडेवाकडे होतात आणि मूठभर चुरा पडतो. चुरा तेल जास्त पितो, तळाशी बसतो आणि भाजताना सगळ्यात आधी करपतो. चार जणांसाठी चालून जातं. वीस जणांसमोर ताट मांडायचं असेल तर भाकरी घरीच करावी आणि मऊ असतानाच कापावी.

पीठ मालदांडी ज्वारीचं घ्या. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यात मोहोळला निवडलं गेलं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे इथे चांगली ज्वारी शोधावी लागत नाही. शोधावं लागतं ते ताजं पीठ. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. पिठाला चिकटपणा येतो तो स्टार्चमुळे, आणि पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरीच्या कडा फाटतात. वर दाण्यातल्या स्निग्धांशाला खवट वास लागून पीठ कडसर होतं. साध्या भाकरीत हा कडसरपणा कालवणाखाली दडतो. सुकवलेल्या तुकड्यात तो एकवटतो आणि कितीही मसाला घातला तरी जिभेला कळतो. म्हणून आठवड्याच्या आतलं पीठ वापरतो. गिरणीत बारीक दळून घेतो आणि आधी हरभरा दळलेला नाही ना, हे विचारून घेतो. डाळीचं पीठ मिसळलं तर तुकडे लवकर लाल होतात आणि आतून ओलेच राहतात.

एका घाण्याला २५० ग्रॅम पीठ, अर्धा छोटा चमचा मीठ, दोन टेबलचमचे तीळ आणि साधारण २४० मिली पाणी लागतं. पाणी मिठासकट खळखळून उकळायचं, गॅस बंद करून पीठ व तीळ घालायचे, उलथन्याच्या दांड्याने कालवायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. ही उकड टाळू नये. स्टार्च साधारण ७० अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगतं, आणि तो चिकटपणा आला तरच भाकरी लाटता येते. कोमट पाण्यात मळलेलं पीठ थापता येतं, पण इतकं पातळ लाटता येत नाही. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच पाच-सहा मिनिटं तळहाताने रगडून मळायचं. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर हात ओला करून आणखी मळा. पाणी एकदम ओतू नका.

एवढ्या पिठात ५० ग्रॅमचे जवळपास दहा गोळे होतात. प्रत्येक गोळ्याची २० सेंटिमीटर व्यासाची भाकरी लाटली की जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. यापेक्षा जाड राहिली तर बाहेरून कडक, आतून चामट. जास्त पातळ केली तर तेलात मुरवताना तुकडे मोडतात. पोळपाटावर जाड प्लास्टिक अंथरून लाटलं तर वरपीठ कमी लागतं, आणि वरपीठ जितकं कमी तितकं बरं. सुटं पीठ पुढे तेलात कालवलं जाऊन तुकड्यांवर राखेसारखा थर देतं. तव्यावर टाकल्यावर वरून ओलं फडकं फिरवण्याची आपली पद्धत आहे, ती इथे उपयोगी पडते, पीठ पुसलं जातं.

लोखंडी तवा मध्यम आचेवर ठेवायचा. पहिली बाजू पाऊण मिनिट, उलटून दुसरी मिनिटभर. आता रोजच्या सवयीच्या नेमकं उलटं करायचं असतं: भाकरी फुगू द्यायची नाही. फुगली की वाफेने पापुद्रा सुटतो, आणि सुटलेला पापुद्रा मसाला लावताना चिपाडासारखा वेगळा होतो. म्हणून लाटून झाल्यावर काट्याने सगळीकडे टोचे मारतो आणि तव्यावर असताना सुती कापडाच्या बोळ्याने दाबत राहतो. दाबताना बोळा गोल फिरवायचा. एकाच जागी दाबला तर तिथे काळा डाग पडतो.

दोन्ही बाजूंचा ओला रंग गेला, पण भाकरी अजून वाकते आहे, एवढ्यावर उतरवायची. कापायची वेळ हीच. भाकरी ताटात घेऊन स्वयंपाकघरातल्या कात्रीने आधी चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या आणि मग चौकोन. कडेचे अर्धगोल तुकडे वेगळ्या थाळीत ठेवा, ते लवकर वाळतात. दोन मिनिटं उशीर झाला तर भाकरी ताठरते आणि कात्रीखाली तडकते. म्हणून मी दहा भाकऱ्या एकदम भाजून ठेवत नाही. एक भाजायची, एक कापायची.

हे चौकोन अजून कडक नाहीत. कडकपणा तेलाने येत नाही, पाणी गेल्याने येतो. अर्धवट वाळलेल्या तुकड्यांना तेल लावलं की आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी डब्यात रबर सापडतो. ओव्हन १२० अंशांवर, तुकडे एकेरी थरात, २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. पहिली दहा मिनिटं ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवतो, म्हणजे वाफ निघून जाते. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा अगदी मंद आचेवर ठेवून, वर ताट न झाकता, थोडे थोडे तुकडे वाळवायचे. वेळ दुप्पट लागतो, चव तशीच येते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवर दोन तासांत तुकडे छान वाळतात, पण शेवटची दहा मिनिटं आच लागतेच.

झाले की नाही, हे गरम तुकड्यावरून ठरवू नका. गरम असताना चांगला वाळलेला तुकडाही थोडा वाकतो. एक तुकडा बाहेर काढून पाच मिनिटं गार करायचा आणि कानाजवळ मोडायचा. ‘कट’ असा कोरडा आवाज आला तर झालं. आवाज दबका असेल, किंवा मोडलेल्या कडेला मधोमध गडद रेघ दिसत असेल, तर आणखी आठ-दहा मिनिटं. कित्येकदा मी इथेच घाई केली आणि पुढचा सगळा मसाला वाया गेला.

आता तिखट. २५० ग्रॅम तुकड्यांना चार टेबलचमचे, म्हणजे ६० मिली तेल पुरतं. अमेरिकेतल्या कृतींत याच्या दुपटीहून जास्त असतं. तिथली बिस्किटं सच्छिद्र, ती पितात. आपले तुकडे घट्ट आहेत, उरलेलं तेल बोटांना लागतं. तेल शेंगदाण्याचं घ्या. करडईचंही चवीला छान लागतं, त्याच दिवशी संपणार असेल तर जरूर वापरा, पण ठेवायचं असेल तर नको, ते लवकर खवट होतं.

तेल मंद आचेवर तापवून त्यात दहा-बारा लसूण पाकळ्यांचे पातळ काप फिकट सोनेरी होईपर्यंत तळायचे आणि झाऱ्याने काढून ठेवायचे. रंग पुढे चढतोच, म्हणून थोडे आधी काढा. कच्चा लसूण ठेचून तेलात घालण्याचा मोह आवरा. त्यातलं पाणी तुकड्यांत शिरतं, आणि ओला लसूण तेलात दिवसेंदिवस ठेवणं आरोग्यालाही धोक्याचं. गॅस बंद करून तेल कोमटाच्या थोडं वर येईपर्यंत थांबायचं. चिमूटभर तिखट टाकून बघा: बुडबुडे आले नाहीत आणि रंग लालच राहिला तर तेल तयार. तपकिरी झालं तर आणखी थांबा. जळक्या तिखटाचा कडवटपणा कशानेही जात नाही.

यात दोन छोटे चमचे ब्याडगीचं तिखट रंगासाठी, एक चमचा लवंगी मिरचीचं झणक्यासाठी, एक चमचा आपलं काळं तिखट आणि अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. नुसत्या लवंगीने तोंड पोळतं आणि चव लागत नाही, नुसती ब्याडगी दिसायला लाल आणि खायला मवाळ. काळं तिखट घरोघरी वेगळं असतं. खोबरं जास्त असलेलं असेल तर अर्धाच चमचा घाला, खोबरं भाजताना लवकर रंग धरतं.

मीठ मात्र तेलात घालायचं नाही, आणि हे मला तीन घाणे बिघडल्यावर कळलं. मिरचीचा रंग आणि झणका तेलात उतरतो. मीठ, साखर, लिंबूसत्व हे काहीच तेलात विरघळत नाही. भांड्याच्या तळाशी बसतं, म्हणून पहिले तुकडे अळणी आणि शेवटचे तोंडात घालवत नाहीत असे खारट. अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर आणि दोन चिमटी लिंबूसत्व मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक करून वेगळं ठेवायचं. जाडं मीठ तुकड्यावर ठरत नाही, घरंगळतं.

घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात तुकडे घ्या. डबा निम्माच भरा. तिखट तेल ढवळत ढवळत कडेकडेने धार धरून सोडा, झाकण लावा आणि डबा आडवा करून हळू फिरवा. चमचा घालू नका, कडा मोडतात. दर पाच मिनिटांनी डबा उलटा-सुलटा, असं अर्धा तास. एवढ्या वेळात तळाशी तेल साचलेलं दिसायला नको. साचलं असेल तर पुढच्या वेळी एक चमचा कमी. मग बारीक केलेलं मीठ चहाच्या गाळण्यातून भुरभुरायचं आणि आणखी दोनदा डबा फिरवायचा.

पुन्हा ओव्हन, या वेळी ११० अंश, १२ ते १५ मिनिटं. ही फेरी शिजवण्यासाठी नाही, तेल आत जिरवण्यासाठी आहे. तिखटाचा ठसका घरभर पसरायला लागला की तापमान जास्त झालं समजा आणि लगेच थाळी बाहेर काढा. गार करायला जाळीवर किंवा स्वच्छ सुती फडक्यावर पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाई तेलाला लागते.

शेंगाचटणी शेवटी. १०० ग्रॅम दाणे मंद भाजून सालं काढलेले, तळलेला लसूण, दोन छोटे चमचे तिखट, अर्धा चमचा जिरं आणि पाऊण चमच्याला थोडं कमी मीठ. खलबत्त्यात कुटली तर दाण्याचं तेल सुटून चटणी किंचित ओलसर होते आणि तुकड्याला आपोआप चिकटते. मिक्सर एकसारखा फिरवला तर गोळा होतो, थांबत थांबत फिरवला तर कोरडी भरड होते आणि सगळी ताटात गळते. मिक्सरचीच असेल तर मूठभर चटणी हाताने दाबून पाहा: मुठीचा आकार राहिला पाहिजे. निम्मी चटणी पुरते, तीही तुकडे कोमट असताना लावायची. ओव्हनच्या आधी लावली तर दाणे करपतात.

घाई असेल तर बाजारातली खारट क्रॅकर बिस्किटं २०० ग्रॅम, तेल दोन टेबलचमचे, मीठ अजिबात नाही, मुरवणं २० मिनिटं, बाकी सगळं तेच. खारी नावाची पापुद्र्याची बिस्किटं मात्र नकोत. त्यांत आधीच भरपूर तूप असतं, तिखट तेलाने ती विरघळल्यासारखी होतात.

२५० ग्रॅम पिठाचा घाणा आठ-दहा जणांना पुरतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर न्यायचे असतील तर चटणी वेगळ्या डबीत न्या आणि तिथे लावा. सोबत घट्ट दही. कांदा-कोथिंबीर घालून मांडायचं असेल तर माणसं बसल्यावरच, दहा मिनिटांत तुकडे मऊ पडतात. चटणी न लावलेले तुकडे पूर्ण गार करून स्टीलच्या डब्यात दहा-बारा दिवस राहतात, चटणी लावलेले चार-पाच. पावसाळ्यात डबा उघडझाप करून मऊ पडले तर ११० अंशांवर पाच मिनिटं, आणि गार झाल्याशिवाय पुन्हा झाकण लावायचं नाही. तळाशी उरलेला लाल चुरा फेकू नका, दुसऱ्या दिवशी दहीभातावर घाला.