तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं चिलखत आणि आजची गोळी

भोसरीच्या फोर्जिंग शॉपमधून निवृत्त झाल्यापासून मी शाळांमध्ये धातूंविषयी बोलायला जातो. विषय गंजाचा असो की ओतकामाचा, शेवटी एक हात वर होतोच. "सर, युरोपातले सरदार ते डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत घालायचे ना, ते घातलं तर आजची गोळी अडेल का?" मुलंच नव्हे, त्यांना न्यायला आलेले पालकही गेटपाशी गाठून हेच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. रायफलची गोळी अडणार नाही. पिस्तुलाची, छातीवरचा पत्रा जाड आणि चांगल्या हाताचा असेल तर कधी अडेल, कधी नाही. हातापायांवरच्या पत्र्यांवर भरवसा ठेवू नये.

आपल्याकडे चिलखत म्हटलं की 10 नोव्हेंबर 1659 ची प्रतापगडाची भेट आठवते. महाराजांनी अंगरख्याखाली घातलेलं ते चिलखत जवळून होणाऱ्या वारासाठी होतं. युरोपातलं हे चिलखत वेगळं, अंगाच्या मापाने ठोकलेल्या पत्र्यांचं.

मी पिशवीतून 2 मिलिमीटर जाडीचा पोलादाचा तुकडा काढतो आणि पहिल्या बाकावर देतो. तो फिरत फिरत मागे जाईपर्यंत गप्प बसतो. "एवढाच?" असं कुणीतरी म्हणतंच. एवढाच. आपला भाकरीचा लोखंडी तवा बहुधा याहून जाड भरेल. संपूर्ण चिलखताचं वजन साधारण 20 ते 25 किलो, आणि ते सगळ्या अंगावर वाटलेलं. त्यात छातीला 2 ते 3 मिलिमीटर आलं तर पुष्कळ, दंडा-मांड्यांवर जेमतेम एक-दीड. बाकीचं काम आकाराने करायचं. छातीच्या मधोमध उभी कड काढलेली असते, म्हणजे समोरून आलेला घाव तिरपा लागून घसरून जावा.

आता गोळी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. 9 मिलिमीटर पिस्तुलाची 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वेगाने सुटते, तिची ऊर्जा सुमारे 500 ज्यूल. तेवढ्याच वजनाची एके-47 ची गोळी त्याच्या दुप्पट वेगाने जाते, सुमारे 2000 ज्यूल. यावर सगळ्यांना वाटतं की जुन्या बंदुका अगदीच लेच्यापेच्या असणार. तसं नाही. जड मस्केटची, म्हणजे त्या काळच्या लांब नळीच्या बंदुकीची, ऊर्जा नळीच्या तोंडाशी 3000 ज्यूलच्या पुढे जायची. पण तिची गोळी म्हणजे शिशाचा मऊ, गोल, गोटीएवढा गोळा. हवा कापताना शंभर मीटरवर तिची निम्मी ताकद संपायची आणि आदळताना ती चपटी व्हायची. आजची गोळी टोकदार, वर तांब्याचं कवच, आणि तिचा आडवा छेद मस्केटच्या गोळीच्या सहाव्या, दहाव्या हिश्शाएवढा. सगळा जोर एका बारीक ठिपक्यावर येतो. दाभण आणि बोथट खिळा यांत फरक असतो तसा.

हे कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? हो. ऑस्ट्रियात ग्रात्स गावी सतराव्या शतकातलं एक शस्त्रागार जसंच्या तसं उभं आहे. चार मजले, लाकडी फळ्या, आणि त्यांवर तीसेक हजार वस्तू. शिरस्त्राणं आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानासारखी ओळीने मांडलेली. 1988-89 मध्ये तिथल्या खऱ्या जुन्या बंदुका ऑस्ट्रियन सैन्याच्या मदतीने झाडून पाहिल्या. एक परीक्षा चिलखतावरही झाली. जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये 1570 ते 1580 च्या सुमारास घडवलेला छातीचा पत्रा, जाडी जवळजवळ 3 मिलिमीटर. समोर साडेआठ मीटरवर 1620 च्या सुमाराचं पिस्तूल. शिशाची साडेनऊ ग्रॅमची गोळी, ऊर्जा 900 ज्यूल. पत्रा फुटला, गोळी आरपार गेली. त्या परीक्षेचा पुढचा भाग आहे, तो सांगतो.

पत्रा फुटतो तेव्हा मी लोहाराला दोष देत नाही. त्याच्या हातात काय होतं ते बघा. भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात कीट राहायचंच, ज्याला आम्ही शॉपमध्ये स्लॅग म्हणायचो. घणाने ठोकून ठोकून ते पिळून काढायचं, तरी धागे उरायचे, आणि तडा नेमका त्या धाग्यावरून धावायचा. मग पाणी देण्याचा, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक करण्याचा प्रश्न. कोयत्याला पाणी देताना लोहार रंग बघतो. जास्त दिलं तर धार तुटते, कमी दिलं तर दुमडते. हाच खेळ हातभर रुंद पत्र्यावर करायचा, न वाकडा होऊ देता. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या कारागिरांना तो साधला होता. थर्मामीटर नव्हता, कार्बन मोजायची सोय नव्हती, तरी त्यांनी साधला. इटलीतल्या मिलानवाल्यांनाही ठाऊक होतं, पण तिथल्या गिऱ्हाइकांना सोन्याचा मुलामा हवा असायचा. मुलाम्यासाठी पत्रा पुन्हा तापवला की दिलेलं पाणी उतरतं. इतकं चांगलं पोलाद नक्षीपायी मऊ करून टाकलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

बंदूक आली आणि चिलखत दुसऱ्या दिवशी अडगळीत गेलं, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात दोघांची झुंज दोनशे वर्षांहून जास्त चालली. पत्रा जाड होत गेला. विकण्याआधी कारागीर स्वतःच त्याच्यावर पिस्तूल झाडायचा आणि पडलेला खळगा तसाच ठेवायचा. आपण रोज बोलतो त्या "बुलेटप्रूफ" शब्दातलं "प्रूफ" ते हेच, पारखून घेतलेलं. असा एक खळगा मी काचेशिवाय, वीतभर अंतरावरून पाहिला आहे. अंगठ्याचं पेर बसेल एवढा, कडेला घासून गुळगुळीत केलेला, आतून मात्र तळाशी खरखरीत. वस्तू घालणाऱ्याच्या जिवावर बेतणार आहे हे ओळखून, बनवणाऱ्याने आधी तिच्यावर गोळी झाडली. तीस वर्षं मी भेगा शोधण्याच्या टेबलावर बसलो, त्यामुळे त्या खळग्यासमोरून मला हलवेना.

चिलखत हरलं ते वजनापुढे. सहा मिलिमीटरचा पत्रा साऱ्या अंगावर चढवला तर सत्तर-ऐंशी किलो होतात. म्हणून आधी पायांवरचे पत्रे गेले, मग हातांवरचे, उरलं छातीचं कवच आणि शिरस्त्राण. ऑस्ट्रेलियात 1880 साली नेड केली या दरोडेखोराने नांगरांची लोखंडी पाती ठोकून असंच जाड चिलखत बनवलं. सुमारे 6 मिलिमीटर जाडी, 44 किलो वजन. ग्लेनरोवन गावी झालेल्या चकमकीत पोलिसांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या गोळ्या त्या पत्र्यावर आपटून नुसते पोचे पडले. पण पाय उघडे होते. पोलिसांनी पायांवर नेम धरला आणि तो पडला. ते चिलखत आता मेलबर्नच्या सरकारी ग्रंथालयात आहे.

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याजवळच्या एका शाळेत आठवीतल्या मुलीने माझा तो तुकडा छातीशी धरला, थोडा दाबला आणि विचारलं, "सर, पण याच्या आत काय घालायचे?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, गोधडी. खरंच, थरावर थर ठेवून शिवलेला जाड अंगरखा असायचा आत. पोलाद घावाची धार मोडायचं आणि उरलेला धक्का कापड सोसायचं.

आजचं जॅकेट याच जोडीवर उभं आहे. पिस्तुलाच्या गोळीसाठी नुसते धाग्यांचे थर पुरतात. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये शोधलेल्या तंतूपासून केव्हलार झालं, ते याच कामी आलं. रायफलसाठी पुढे सिरॅमिकची कडक पाटी लागते. आपल्या ट्रॉम्ब्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या भाभा कवच या जॅकेटात बोरॉन कार्बाइड हे असंच सिरॅमिक वापरलं आहे. पाटी गोळीचं टोक फोडते, मागचे तंतू तुकडे झेलतात.

मग त्या मुलीला ग्रात्सच्या परीक्षेचा राहिलेला भाग सांगितला. तो ऑग्सबुर्गचा पत्रा वाळूच्या पिशवीवर बसवला होता आणि मध्ये तागाच्या कापडाचे दोन थर होते. पत्रा फोडण्यातच गोळीची सगळी ताकद संपली. कापडाला भोक पडलं नाही, गोळी तिथेच अडली. "मग आतला माणूस वाचला असता!" असं म्हणून तिने तुकडा मागच्या बाकावर दिला.