हिरवळीतली मुळं आणि माझे उपद्व्याप

गवत कापायच्या मशीनचं पातं तिसऱ्यांदा मुळावर आपटलं, तेव्हा मी मशीन बंद करून सरळ करवत आणली. गुलमोहराची मुळं हिरवळीतून जागोजाग वर आली होती. काही मनगटाएवढी, एक तर चांगलं मांडीएवढं. येता-जाता ठेच लागायची ती वेगळीच.

बायकोने अडवलं. "ते मूळ थेट बुंध्यात गेलंय. उद्या वादळात झाड कलंडलं तर कुठे पडेल, बघितलंस का?" बघितलं. झोपायच्या खोलीवर पडलं असतं. करवत परत गेली.

मग मला वाटलं, झाकून टाकू. घमेल्यांनी माती आणून मुळांवर वीतभर थर दिला, पार बुंध्याला टेकवून, आणि वर गवत लावलं. दोन महिने काय दिसत होतं म्हणून सांगू! पुढे सावलीत गवत विरळ झालं, पावसाने माती वाहून गेली आणि मुळं पुन्हा हजर. बुंध्याजवळची माती मात्र तशीच राहिली, आणि खरा घोळ तिथेच होता.

फांद्या छाटायला आलेल्या काकांनी ती बघितली आणि खुरप्याने जरा उकरली. आतली साल ओलसर, मऊ पडली होती. बारीक मुळं बुंध्याला गोल वळसा घालू लागली होती. "हीच पुढे जाड होऊन झाडाचा गळा आवळतात," काका म्हणाले. "आणि एवढी माती टाकलीत, खालच्या मुळांना हवा कुठून मिळायची?"

शाळेतल्या चित्रामुळे माझी समजूत अशी, की झाड जेवढं वर तेवढंच खाली. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ताटासारखी आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं तर आणखी वर, कारण हवा तिथेच. जाड मुळं खोडासारखीच दरवर्षी फुगतात. त्यात वरची माती धुपली की ती उघडी पडणारच. म्हणजे मुळं वर येत नव्हती, होती तिथेच जाड होत होती.

टाकलेली माती काढायला दोन रविवार गेले. फावडं लावलं तर मुळं सोलवटतील म्हणून सगळं हाताने आणि खुरप्याने. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांना मिळतो तो भाग उघडा दिसेपर्यंत काढायची होती. पात्याने झालेल्या जखमांवर मी हौसेने ऑइलपेंट फासला होता, त्यावर काका नुसते हसले. जखम झाड स्वतःच बंद करतं, आपण फक्त नवीन करायची नाही.

मग मुळांच्या भागाभोवती दोरी बांधली. आत मशीन बंद. मुळांच्या मधल्या खळग्यांत बोटभर जाडीचं कंपोस्ट आणि वर छाटलेल्या फांद्यांचे बारीक तुकडे, साधारण तीन इंच. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. तण येऊ नये म्हणून खाली प्लास्टिक अंथरायचा माझा बेत काकांनी हाणून पाडला; त्याने हवा आणि पाणी दोन्ही अडतं. रोजचं वरवर पाणी शिंपडणंही सोडलं. आता कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा, पण खोल मुरेल इतकं पाणी देतो.

मांडीएवढं मूळ फरशांच्या वाटेत आडवं येत होतं. वाटच वळवली. चार फरशा उचलून बाजूला मांडायच्या, एवढंच काम होतं आणि त्यासाठी मी करवत काढली होती!

लाकडाचे तुकडे कुजून खाली बसतात, म्हणून वर्षातून एकदा भर घालतो. परवा दोरीच्या बाहेर, ऐन हिरवळीत, आणखी एक मूळ डोकावताना दिसलं. दोरी दोन फूट पुढे सरकवली. गवत कापायला आता पंधरा मिनिटं पुरतात.