मंत्रही चालतो, लेझरही चालतो, मग 'नाही' कशाला?

"तुम्ही जीएम, म्हणजे गेम मास्टर. जग तुमचं, गोष्ट तुमची. त्यात मंत्रही चालतात आणि लेझरही. मग खेळाडूला 'हे होणार नाही' असं सांगता ते कशाच्या जोरावर?" नाशिकमध्ये आमच्याकडे नव्याने खेळायला येणारे बहुतेकजण कधी ना कधी हे विचारतातच. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही स्टारफाइंडर खेळतो. पायझो कंपनीने त्याची पहिली आवृत्ती 2017 मध्ये काढली, आणि इथले आकडे तिचेच. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, बाकीचं सगळं विश्व जीएमने चालवायचं आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. विश्व असं की एकाच अंतराळयानात इंजिन दुरुस्त करणारा मेकॅनिकही असतो आणि मंत्र टाकणारा मिस्टिकही.

अडचण इथेच सुरू होते. निव्वळ तलवारी आणि राक्षसांचा खेळ असेल तर 'माणूस एवढी उडी मारेल का' या प्रश्नावर वाद मिटतो. निव्वळ विज्ञानकथा असेल तर शाळेतलं भौतिकशास्त्र कामाला येतं. दोन्ही एकत्र आले की कुठल्याही गोष्टीला कारण सापडतं, यंत्रात नाही तर मंत्रात. आमचा एक खेळाडू अंबडला टूलरूममध्ये काम करतो. त्याने एकदा लेझर पिस्तुलाला दोन बॅटऱ्या जोडायचं ठरवलं. समांतर जोडल्या तर फक्त जास्त वेळ चालेल, म्हणून सिरीजमध्ये जोडतो, व्होल्टेज वाढेल, डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, दुप्पट दे, असं त्याचं म्हणणं. मी पिस्तूल जळेल म्हटलं, तर शेजारची टेक्नोमॅन्सर, म्हणजे यंत्रांवर मंत्र चालवणारं पात्र घेतलेली खेळाडू, लगेच म्हणाली, "जळणार नाही, मी मंत्राने थंड ठेवते." दोघांचंही बरोबर होतं! तर्काने त्यांना अडवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि तरीही मी नाही म्हटलं.

कारण त्या पिस्तुलाचा आकडा एकटा उभा नाही. पहिल्या लेव्हलचं साधं लेझर पिस्तूल चार बाजूंच्या एका फाशाइतकं डॅमेज करतं, म्हणजे सरासरी अडीच. त्याच लेव्हलचं गोळ्यांचं पिस्तूल सहा बाजूंच्या फाशाचं, सरासरी साडेतीन. मग लेझर कोण घेईल? पण या खेळात चिलखताचे दोन आकडे असतात, ऊर्जेविरुद्ध वेगळा आणि गोळी-तलवारीविरुद्ध वेगळा. ऊर्जेचा आकडा सहसा कमी असतो, म्हणून लेझर जास्त वेळा लागतं. शिवाय त्याचा पल्ला 80 फूट आणि गोळीचा 30. किंमत लेझरची 350 क्रेडिट, दुसऱ्याची 260, आणि सुरुवातीला प्रत्येकाच्या खिशात 1000. या सगळ्या आकड्यांनी मिळून एक खरीखुरी निवड तयार केलेली आहे. लेझरचं डॅमेज दुप्पट केलं की ती निवड संपते, आणि जिने विचार करून गोळ्यांचं पिस्तूल घेतलं तिला मी काही न बोलता शिक्षा केलेली असते. तिने तर वादात तोंडही उघडलं नव्हतं. माझं 'नाही' तिच्यासाठी होतं.

बॅलन्स म्हटलं की लोकांना वाटतं सगळ्यांचे आकडे सारखे हवेत. मला ते खोटं वाटतं. मला बॅलन्स दिसतो तो टेबलावरच्या वेळेत. चार तासांत प्रत्येकाला असं किती वेळा वाटलं की आत्ता माझ्यावाचून अडलं होतं?

ऑपरेटिव्ह या क्लासबद्दलची, म्हणजे हेरासारख्या पात्रप्रकाराबद्दलची, तक्रार याच जातीची. त्याला सगळ्याच स्किल्सवर बोनस मिळतो आणि लेव्हलबरोबर तो वाढत जातो. लढाईत तो फार जड जातो असं मला कधी वाटलं नाही. पण कुलूप उघडायचं असो, कॉम्प्युटर फोडायचा असो की पहारेकऱ्याला गुंडाळायचं असो, फासा उचलायला तोच पुढे होतो, आणि फक्त इंजिनावर सगळे पॉइंट घातलेला मेकॅनिक चहा पीत बसतो. मी ऑपरेटिव्हचा बोनस कापत नाही. पुस्तकात जे दिलंय ते वाचून त्याने पात्र घेतलंय. मी प्रसंग बदलते. हवा गळतेय आणि त्याच वेळी दरवाजाही बंद होतोय, अशा वेळी एका माणसाला दोन्हीकडे धावता येत नाही.

सगळ्यात जास्त रंगलेला वाद जहाजाचा. पिंपळगाव बसवंतकडून येणारा एक खेळाडू, घरची द्राक्षबाग असलेला, म्हणाला, "ताई, अडचणीत शेतकरी ट्रॅक्टर विकतोच ना? मग आम्ही जहाज विकून बंदुका का घ्यायच्या नाहीत?" सवाल अगदी रास्त आहे. पण नियमात जहाज पैशात मोजलेलंच नाही. त्याच्यासाठी बिल्ड पॉइंट्स असतात, ते गटाच्या लेव्हलबरोबर वाढतात आणि त्यांचे क्रेडिट होत नाहीत. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय. जहाज विकता आलं तर पहिल्याच दिवशी ते विकणं हाच शहाणपणा ठरेल, आणि मग अंतराळाच्या खेळात अंतराळातच कुणी जाणार नाही. मी त्याला हेच सांगितलं, 'पुस्तकात आहे म्हणून' असं सांगितलं नाही. त्याला पटलं. मग त्यानेच कर्जापोटी जहाज गहाण पडल्याचं कथानक सुचवलं, आणि त्यावर आमचे कितीतरी रविवार छान गेले.

पण छापलंय म्हणून सगळं बरोबर, असंही मी मानत नाही. याच खेळाच्या पहिल्या छपाईत जहाजाच्या लढाईतले बरेचसे आकडे जहाजाच्या टिअरच्या, म्हणजे त्याच्या दर्जाच्या आकड्याच्या, दुपटीने वाढायचे. इंजिनातली ऊर्जा दुसरीकडे वळवायची तर 10 अधिक टिअरची दुप्पट. पहिल्या टिअरला फासा आणि बोनस मिळून 12 लागायचे, आणि आठचा बोनस असलेल्या इंजिनियरला वीस बाजूंच्या फाशावर चार पुरायचे. दहाव्या टिअरला 30 लागायचे, आणि तोवर त्याचा बोनस 19 झालेला असला तरी फाशावर अकरा हवे. म्हणजे अनुभव वाढला तसा माणूस आपल्याच कामात कच्चा होत गेला! पुढे दुरुस्ती आली आणि दुपटीचं दीडपट झालं. दहाव्या टिअरला 25, फाशावर सहा. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. नुसती गंमत म्हणून कुणी आकडा उतरवला नव्हता. मेहनतीने वाढवलेलं पात्र आपल्या कामात वाढलेलं दिसायला हवं, एवढं साधं देणं त्यात फेडलं गेलं.

म्हणून टेबलावर प्रश्न आला की मी पुस्तक उघडून अर्धा तास घालवत नाही. प्रसंग एकदाच येणारा असेल तर खेळाडूच्या बाजूने निकाल देते आणि पुढे जाते. तोच डाव दर लढाईत खेळता येणार असेल तर थांबते, आणि तो न खेळणाऱ्यांकडे आधी बघते. एन्व्हॉय, म्हणजे बोलण्याने गट सांभाळणारं पात्र, आपल्या साथीदाराला धीर देऊन त्याचा स्टॅमिना भरून काढतो, पण त्याच साथीदाराला पुन्हा तसं करायला मध्ये दहा मिनिटांची विश्रांती व्हावी लागते. ही अट काढा असं मला बऱ्याचदा सांगतात. काढली तर विश्रांती घेऊन स्टॅमिना भरायला मोजक्या रिझॉल्व्ह पॉइंटांपैकी एक खर्च करायचा की तसंच पुढे जायचं, हा निर्णयच उरत नाही. तिथे मी ठाम असते.

आता 2025 मध्ये दुसरी आवृत्ती आली आहे. ती पाथफाइंडर या पायझोच्याच तलवारी-मंत्रांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पायावर उभी आहे, त्यामुळे नवा प्रश्न येतो: तिकडचं पात्र इकडे आणू का? आकडे जुळतात. पण इकडे जवळजवळ प्रत्येकाच्या हाती बंदूक असेल असं धरलेलं आहे, म्हणून सुरुवातीलाच उडणारा शत्रू चालतो. तिकडच्या तलवारवाल्याला तो खालून नुसता बघावा लागतो. असं पात्र कुणी आणलं तर मी एवढंच विचारते, दुसरं हत्यार कुठलं घेणार? उत्तर मिळालं की खुर्ची पुढे ओढते.