कोरड्या कप्प्यातलं पेट्रोल

कॉल साधा वाटला होता. वळणावर इंधनाचा टँकर कलंडलाय, आग नाही, चालक सुखरूप बाहेर आलाय, क्रेनही पोहोचली आहे. अग्निशमन दलात अशा वेळी आम्ही वारा पाठीवर घेऊन लांबच थांबतो आणि दुर्बिणीतून आधी पाट्या वाचतो. टँकरच्या मागच्या नारिंगी पाटीवर वर ३० आणि खाली १२०२ होतं, म्हणजे डिझेल. पुढच्या पाटीवर मात्र ३३ आणि १२०३, म्हणजे पेट्रोल. एकाच टँकरवर दोन वेगळी उत्तरं.

खालचा चार आकडी क्रमांक पदार्थाची ओळख सांगतो, वरचा धोक्याचा प्रकार. ३ म्हणजे ज्वालाग्राही द्रव. तोच आकडा दोनदा आला की धोका अधिक तीव्र. धोकादायक मालाच्या रस्ते वाहतुकीसाठी १९५७ साली जिनिव्हात झालेल्या एडीआर या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली ही पद्धत आहे. पंधरा मिनिटं आगीत वेढली गेली तरी पाटीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत, असं तिचा नियम सांगतो. तिथे जाणाऱ्या माणसाला विचारायला कोणी शुद्धीवर असेलच असं नाही, म्हणून हा आग्रह.

आमच्या सुदैवाने चालक बोलत होता. "साहेब, पेट्रोल मघाशीच उतरवलं. पुढचे कप्पे कोरडे ठाक आहेत, मागच्यात तेवढं डिझेल उरलंय. म्हणून पाटी बदलली, पुढची राहून गेली." माणूस खरं बोलत होता. क्रेनवाल्यांनाही तेच पटलं होतं आणि ते साखळ्या लावायच्या तयारीत होते. रस्ता अडला होता, मागे गाड्यांची रांग वाढत होती.

मी काम थांबवलं. पाट्या जुळत नसतील तर जी जास्त धोकादायक तीच खरी धरायची, आणि इथे तर चालकाच्या बोलण्यानेच माझी शंका पक्की झाली. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. डिझेलला त्यासाठी साधारण पंचावन्न अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोलची वाफ हवेत १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते. भरलेल्या कप्प्यात द्रवावरची वाफ इतकी दाट असते की सहसा ती या मर्यादेच्या वर राहते. कप्पा उतरवला की आत हवा शिरते, वाफ विरळ होते आणि नेमकी त्या पट्ट्यात येऊ शकते. म्हणूनच न धुतलेल्या, गॅसमुक्त न केलेल्या रिकाम्या टाकीवरची पाटी काढायची नसते. पेट्रोल आणि डिझेल एकत्र नेतानाही पुढच्या-मागच्या पाटीवर कमी तापमानाला पेटणाऱ्या इंधनाचाच क्रमांक लावायचा. हा नियम मला कागदी कधीच वाटला नाही.

गॅस मीटर घेऊन आमचा जवान पुढच्या कप्प्याच्या झाकणापाशी गेला. झाकणाची पकड ढिली झाली होती. मीटर लगेच ओरडायला लागला. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती रस्त्याकडेच्या चारीत उतरत होती, आणि त्याच चारीच्या टोकाला क्रेनचं इंजिन सुरू होतं! ते बंद करायला मी जितक्या मोठ्याने ओरडलो तितका क्वचितच ओरडलो असेन.

पुढचं काम वेळखाऊ होतं. सगळी वाहनं लांब नेली, चारीवर फोमचा थर दिला, अर्थिंग जोडून डिझेल दुसऱ्या टँकरमध्ये घेतलं. पेट्रोलच्या कप्प्यांत नायट्रोजन सोडला. मीटरचे आकडे खाली येऊन स्थिरावल्यावरच साखळ्या लागल्या आणि टँकर उभा राहिला. कोणाला खरचटलंही नाही.

चालकावर चिडण्यात अर्थ नव्हता. डिझेल उरलंय तर डिझेलची पाटी, हे त्याला प्रामाणिकपणाचंच वाटलं होतं. गाडी भरताना काय लावायचं ते त्याला शिकवलेलं होतं, उतरवल्यावर काय ठेवायचं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. माझा राग आहे तो या अर्धवट प्रशिक्षणावर.

टँकर ओढून नेण्याआधी मागची पाटी पुन्हा १२०३ करून घेतली. कप्पे गॅसमुक्त झाल्याचा दाखला हातात येईपर्यंत वेल्डिंगला हात लावू नका, असं वर्कशॉपसाठी लिहून तो कागद चालकाच्या हाती दिला.