हॉल आधीचा, फ्लॅट नंतरचे

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं जुनं गॅरेज पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहणार, अशी नोटीस मध्यंतरी दिव्याच्या खांबावर लागली. पूर्व लंडनमध्ये अशा नोटिसा पावलोपावली दिसतात, एरवी मी ढुंकूनही बघत नाही. या वेळी थांबले, कारण त्या गॅरेजची एक भिंत आमच्या वस्तीतल्या गाण्या-नाटकांच्या हॉलला लागून आहे. घरी येऊन कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, साइटवरची कागदपत्रं उघडली आणि चकित झाले. हॉलमध्ये शनिवारी रात्री बँड वाजत असताना बिल्डरने माणूस पाठवून बाहेर आवाजाची मापं घेतली होती. कशासाठी, तर आपल्या इमारतीला किती जाड काचा लावाव्या लागतील हे ठरवण्यासाठी!

बिल्डरला हे करायला लावणाऱ्या तत्त्वाला इथे ‘एजंट ऑफ चेंज’ म्हणतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते २०१८ साली आलं; ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने त्याआधीच, २०१४ मध्ये आणलं होतं. जो बदल घडवून आणतो त्याने त्याची तजवीज करायची, एवढंच त्याचं सार. हॉल आधीपासून आहे आणि शेजारी फ्लॅट येत आहेत, तर घरांत आवाज शिरू नये याचा बंदोबस्त फ्लॅट बांधणाऱ्याने करायचा, तोही इमारत पुरी व्हायच्या आत. वस्तीत हॉल नव्याने येत असेल, तर तो भार हॉलवर.

आमचा हॉल शंभर-सव्वाशे माणसांत गच्च भरतो. मूळचं प्रार्थनाघर आहे. करकरणारी लाकडी जमीन, गुडघ्याएवढं उंच स्टेज, घडीच्या खुर्च्या. विंगेत उभ्या असलेल्या नटाचे बूट पहिल्या रांगेतून दिसतात. दुपारी सत्तरी ओलांडलेल्यांचा गाण्याचा वर्ग, संध्याकाळी मुलांच्या नाटकाची तालीम, शुक्रवारी-शनिवारी कार्यक्रम. दारावर तिकिटं फाडायला एक निवृत्त बस ड्रायव्हर असतात, बिनपगारी. तिकीट फाडून अर्धं परत देईपर्यंत ते समोरच्याचा चेहरा वाचून घेतात. आमच्या शेजारच्या आजी नवरा गेल्यावर पहिल्यांदा एकट्या आल्या, तेव्हा या काकांनी खुर्चीचा नंबर बघितलाच नाही. हाताला धरून आजींना माझ्या बाजूला आणून बसवलं आणि मला म्हणाले, “मध्यंतरात यांना चहा पाजशील ना?” तोवर त्या आजींशी माझं बोलणं कचऱ्याची गाडी कधी येणार, यापलीकडे गेलं नव्हतं. आज त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते.

लंडनमध्ये आपलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तिथे मी ट्रेन बदलून आपल्या माणसांना भेटायला जाते. माझ्या भिंतीपलीकडे कोण राहतं, हे मला या हॉलने दाखवलं.

म्हणूनच त्या एका प्रकारच्या लोकांचा मला फार राग येतो. ‘चैतन्याने भरलेली वस्ती’ ही जाहिरात वाचून घर घ्यायचं, राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात ड्रमचा आवाज येतो म्हणून कौन्सिलकडे तक्रार करायची. ते चैतन्य कुठून येतं असं वाटलं होतं यांना? एका तक्रारीने हॉल बंद पडत नाही, पण तक्रारी साचत जातात. मग चौकशी, वकिलाची फी, आवाजावर मर्यादा घालणारं यंत्र, कार्यक्रम लवकर संपवण्याची अट. बँड दुसरीकडे जातात, बारचा गल्ला आटतो, भाडं थकतं. शेवटी हॉल विकला जातो आणि तिथेही फ्लॅटच होतात. लंडनमध्ये २००७ साली छोटी संगीतस्थळं १३६ होती, २०१५ पर्यंत ८८ उरली. वाढती भाडी आणि कर हीसुद्धा कारणं होतीच. पण जो हॉल पिढ्यान्‌पिढ्या त्या जागी उभा आहे, त्यानेच कालच्या भाडेकरूपुढे अपराध्यासारखं उभं राहावं, हे मला आजही सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, हिला तिकडे बसून बोलायला काय जातंय, गणपतीत आमच्या खिडक्या थरथरतात. रस्त्यावरच्या स्पीकरच्या भिंती आणि बंद दाराआडचा हॉल यांची गल्लत कृपा करून करू नका. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागांना त्यातून सूट आहे. हा फरक आपण कधीच ओळखलेला आहे, तो इंग्रजांकडून शिकायला नको. आणि छोट्या जागेचं मोल आपल्याला कुणी सांगावं? दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नाटकं केली. सुलभा आणि अरविंद देशपांडे, अरुण काकडे यांनी शाळेच्या साध्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमीची अख्खी पिढी उभी केली. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर आजही नट प्रेक्षकांपासून हाताच्या अंतरावर असतो.

तरीही एक गोष्ट सलते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू पेटलेली मी इथे फोनवर बघत होते आणि रडत होते. तिकडे कोल्हापूरकर हुंदके देत होते. मोठ्या नाट्यगृहासाठी आपलं काळीज तुटतं. छोटा हॉल मात्र शाळेला वर्ग कमी पडले म्हणून जातो, सोसायटीला पार्किंग हवं म्हणून जातो, आणि त्याची चार ओळींची बातमीही होत नाही. आई म्हणते, “इथे असताना तू कधी एका सभागृहासाठी सही केली नाहीस.” खरं आहे. पण तिथे माझ्या दाराशी कुणी नोटीस लावली नाही, हरकत घ्यायला २१ दिवस दिले नाहीत. विचारलं असतं तर केली असती सही. तसं मी आईला सांगितलंही.

हॉलची किंमत तिकिटांच्या हिशेबात का मावत नाही, हे बघायचं तर पूर्व लंडनमधल्या ग्रेसेस ॲली या गल्लीतला विल्टन्स म्युझिक हॉल बघावा. जॉन विल्टनने तो १८५९ मध्ये उघडला. १८८८ मध्ये तिथे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं मिशन आलं. दुसऱ्या वर्षी गोदी कामगारांचा संप झाला, तेव्हा त्यांच्या उपाशी कुटुंबांना याच वास्तूत जेवण मिळालं. पुढे ती चिंध्यांचं गोदाम झाली, १९६० च्या दशकात पाडली जाता जाता वाचली, १९९७ मध्ये पुन्हा रंगमंच झाली. सज्जा पेलणारे पिळाचे लोखंडी खांब अजून जागेवर आहेत. २०१५ मध्ये दुरुस्ती पुरी झाली, ती भिंतींवरचे जुने ओरखडे तसेच ठेवून.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तरुण मुलाला माझं सगळं पटत नाही. पगारातला मोठा वाटा भाड्यात जातो त्याचा. “लोकांना घरं हवीत, ताई, गाणी नंतर,” असं आपल्याकडचा मुलगा म्हणाला असता, त्याच सुरात तो बोलतो. त्याचं दुःख खोटं नाही. पण नकाशा कागदावर असतानाच जाड काचा आणि दुहेरी भिंत मांडली तर काम सोपं असतं. माणसं राहायला आल्यावर भिंती उकलणं महाग पडतं. आम्ही दोघांनी बसून कौन्सिलला पत्र लिहिलं. हॉलच्या बाजूला झोपायच्या खोल्या नकोत, तिथे जिना आणि लिफ्ट घ्या. ताबा देण्याआधी आवाजाची चाचणी करा. घर घेणाऱ्याने हॉलचा आवाज मान्य असल्याचं करारात लिहून द्यावं; लंडनच्या मिनिस्ट्री ऑफ साउंड या नाइटक्लबने शेजारच्या इमारतीबाबत असा करार मिळवलेला आहे. मुलाने शेवटी स्वतःची एक मागणी घातली, परवडणाऱ्या भाड्याची घरं वाढवा. मला ती पटली. पत्र दोघांच्या सहीने गेलं, आणि कमिटीपुढे बोलायला मी, तो आणि तिकिटं फाडणारे काका, तिघांनी नावं दिली आहेत.