सिग्गु लेदा?

रात्री आठच्या सुमाराला अम्माच्या फोनवर केनियातल्या मोंबासाहून व्हॉईस मेसेज येतो. "आज्जी, शिकामू! तिन्नावा?" शिकामू हा स्वाहिलीतला थोरामोठ्यांना करायचा नमस्कार आणि तिन्नावा म्हणजे तेलुगूत 'जेवलीस का'. भाचीची आई तिकडची, बाप सोलापूरचा. बापाची आई, म्हणजे आमची अम्मा, पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची लेक. बाबा बार्शीकडचे मराठी. मला भाची आत्या म्हणते. अम्मा मध्येच 'अत्ता' म्हणून दुरुस्त करते, शेजारच्या कन्नड काकू 'अत्ते' म्हणतात आणि स्वाहिलीत मी शांगाझी. सोलापुरात हे चालून जातं.

अम्मा तेलुगू शाळेत शिकली. मराठी बोलायला फर्डी, लिहायला बिचकते. त्यामुळे पुण्याच्या काकांना जाणारं आंतर्देशीय पत्र बाबा लिहायचे आणि अम्मा भाकरी थापता थापता मजकूर सांगायची. "तुमचा पोरगा आला, चार दिवस जेवला, जाताना सांगूनही गेला नाही. सिग्गु लेदा?" म्हणजे, लाज नाही का? बाबा लिहायचे, "चि. येऊन गेला, फार आनंद झाला." पत्रातलं आमचं घर अस्सल मराठी आणि भलतंच सोज्वळ असायचं. काकांनी जन्मभर बाबांचीच पत्रं वाचली, अम्माचं एकही नाही.

एसटीडी बूथवर आकडे पळायचे, तिथं काय बोलणार? आणि मोबाईलच्या कीबोर्डनं परवा माझ्या 'तिन्नावा'चं 'तीन नावा' करून टाकलं. आमच्यासारख्यांचे पाय दोन डगरींवर असतात असं ऐकून होते. यानं थेट तीन होड्या दिल्या.

गेल्या आठवड्यात भाचीचा आवाज पडेल होता. वर्गातला एक मुलगा तिला 'पॉइंट फाइव्ह' म्हणाला. मिश्र घरातल्या पोरांना तिकडे असं म्हणतात. "आत्या, मी अर्धी आहे का?"

मी तिला भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घराचा, म्हणजे आताच्या स्मारकाचा, फोटो पाठवला. १९३८ साली ते युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले, १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ साली झालेल्या मुलाचं नाव यिन्हुआ ठेवलं गेलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन्ही अख्खे. बाळ काही महिन्यांचं असतानाच डॉक्टर गेले, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. उगीच कशाला!

अम्माला 'पॉइंट फाइव्ह' समजावायला मला पाच मिनिटं लागली. मग तिनं फोन हिसकावला आणि सव्वा मिनिट त्या पोराचा उद्धार केला, अर्धा तेलुगूत, अर्धा मराठीत, मागे कुकरच्या शिट्ट्या. शेवटी ठणकावून, "सिग्गु लेदा रा?"

बाबांनी याचं काय केलं असतं, ते मला पाठ आहे. मी काही केलं नाही, बाण दाबला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. आधी नुसतं हसू. मग, "आज्जी, 'सिग्गु' परत एकदा म्हण ना, हळू. उद्या वर्गात लागेल."